शंभर गुणांचा मासा

विहिरीत, पाण्याच्या टाकीत, बागेतल्या कारंज्यात महापालिकेची माणसं जे इवलेसे मासे सोडून जातात, ते गप्पी मासे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी डासांच्या अळ्या खाव्यात आणि मलेरियाला आळा घालावा, एवढीच आपली त्यांच्याकडून अपेक्षा. मासा देखणा आहे की नाही, याची चौकशी कुणी करत नाही. पण याच गप्पीचे शोभिवंत भाऊबंद युरोप-अमेरिकेत प्रदर्शनात मांडले जातात आणि तिथं त्यांची चक्क शंभर गुणांची परीक्षा होते. आज मला बोलायचंय ते या शंभर गुणांबद्दल. ते कुठून आले, कसे वाटले गेले आणि ती वाटणी बदलली तर काय होतं, याबद्दल.

आधी गुणपत्रक पाहू. युरोपातल्या गप्पीपालक संघटनांची आयकेजीएच या संक्षिप्त नावाची एक सामाईक संस्था आहे. तिच्या मानकात शरीराला २८ गुण आहेत, पाठीवरच्या पराला २३ आणि शेपटीच्या पराला ४४. शेपटीच्या या ४४ गुणांतले १० लांबीचे, २० आकाराचे आणि १४ रंगाचे. बेरीज झाली ९५. उरलेले पाच गुण माशाच्या चैतन्याला, म्हणजे तो किती जोमानं वावरतो, याला. शेपटीला ४४ आणि जिवंतपणाला ५! हे ऐकून हसू येईल, पण या वाटणीमागे इतिहास आहे आणि तिला काही कारणंही आहेत.

गुण देऊन जनावर जोखण्याची पद्धत माशांपासून सुरू झाली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कबुतरं आणि कोंबड्या पाळण्याचा शौक फार वाढला होता. प्रदर्शनं भरत, बक्षिसं लागत आणि मग भांडणंही होत. एका गावच्या परीक्षकाला तुरा महत्त्वाचा वाटे, दुसऱ्याला पिसांचा रंग. हा घोळ मिटावा म्हणून १८६५ साली लंडनमध्ये कोंबड्यांच्या जातींचं पहिलं छापील मानक निघालं. विल्यम टेगेटमायर हे त्याचे संपादक. उत्तम कोंबडी कशी असावी, हे त्यात जातवार लिहिलं होतं. अमेरिकेतल्या संघटनेनं १८७४ मध्ये आपलं मानक काढलं. हेतू चांगलाच होता. परीक्षकाच्या लहरीवर निकाल लागू नये, हरलेल्याला आपण का हरलो ते कळावं.

हे टेगेटमायर चार्ल्स डार्विनचे स्नेही होते. डार्विन स्वतः कबुतरं पाळत असे आणि लंडनच्या दोन कबुतरक्लबांचा सभासद होता. माणूस निवड करून प्राण्याचं रूप किती पालटू शकतो, हे त्याला तिथं पाहायला मिळालं. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यानं एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आखूड चोचीच्या टम्बलर कबुतरांमध्ये चोच जितकी आखूड, तितका पक्षी उत्तम समजला जाई. अखेर चोच इतकी आखूड झाली, की अशा उत्तम कबुतरांची बरीचशी पिल्लं अंड्याचं कवच फोडू न शकल्यामुळे आतच मरत. मालकांना कवच फोडून पिल्लं बाहेर काढावी लागत. बक्षीस चोचीला होतं, अंड्यातून बाहेर येण्याला नव्हतं. छापील मानकांचा जमाना नीटसा सुरू होण्याआधीची ही हकिकत आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्या माशाकडे येऊ. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि शेजारच्या त्रिनिदाद बेटावरचा. १८५९ साली जर्मन शास्त्रज्ञ पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. पुढं त्रिनिदादमधल्या रॉबर्ट लेचमेर गप्पी या गृहस्थांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले आणि १८६६ मध्ये गुंथर यांनी त्यांचं आडनाव माशाला दिलं. शास्त्रीय नाव पीटर्स यांचंच टिकलं, पण लोकांच्या तोंडी गप्पी बसलं. १९०८ मध्ये हा मासा जिवंत स्थितीत हॅम्बुर्गला पोचला आणि जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्याला उचलून धरलं.

कारण सोपं होतं. गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, तेही साधारण महिन्याभरात. पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. दोन नर सहसा एकसारखे दिसत नाहीत. शिवाय नराचे काही रंग बापाकडून थेट मुलाकडे जातात, हे १९२० च्या सुमारास डेन्मार्कच्या श्मिट आणि विंगे या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे हवं ते रूप निवडायचं, त्याची पैदास करायची आणि वर्षभरात तीन पिढ्यांचा निकाल डोळ्यांनी पाहायचा. आखूड, गोल शेपटीच्या रानटी माशापासून पंख्यासारख्या, त्रिकोणी, तलवारीसारख्या शेपटीचे मासे तयार झाले. युरोपच्या मानकात आज शेपटीचे बारा प्रकार आहेत.

प्रकार वाढले तसा जुनाच प्रश्न नव्यानं उभा राहिला. चांगला मासा कोणता? वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरं दिली.

ब्रिटनमध्ये १९३८ साली मत्स्यपालक मंडळांचा महासंघ स्थापन झाला. त्यांची पद्धत बाळबोध म्हणावी इतकी सरळ. आकारमान २०, शरीर २०, रंग २०, पर २० आणि प्रकृती व चालढाल मिळून २०. शंभराचे पाच समान वाटे. यात प्रकृतीला पाचवा हिस्सा मिळाला. मात्र आकारमानालाही तितकाच मिळाला.

अमेरिकेत १९६० च्या दशकात गप्पीपालकांची राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी राहिली. तिथं भर राहिला तो मोठ्या, त्रिकोणी शेपटीच्या माशांवर आणि वर्ग पाडले गेले प्रामुख्यानं रंगानुसार. युरोपात वर्ग पडले शेपटीच्या आकारानुसार. १९८० च्या दशकात युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन सामाईक मानक स्वीकारलं, ते यासाठी की एका देशात पहिला आलेला मासा सीमेपलीकडे गेल्यावर नापास होऊ नये. मासा तोच, पण अटलांटिकच्या दोन बाजूंना त्याची दोन वेगवेगळी रूपं घडत गेली.

जपाननं वेगळीच वाट धरली. तिथं रांचू नावाचा सोनमासा आहे. गुबगुबीत अंग, डोक्यावर मांसल टोपी आणि पाठीवर परच नाही. एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या स्पर्धा भरतात. तिथं गुणांची बेरीज करत नाहीत. मासे पसरट पांढऱ्या भांड्यांत सोडतात, परीक्षक वरून बघतात आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करत क्रम लावतात. निकालही सुमो कुस्तीच्या क्रमवारीसारखा लागतो. पहिला मासा पूर्वेचा ओझेकी, दुसरा पश्चिमेचा ओझेकी. इथं पोहणं महत्त्वाचं धरलं जातं. पाठीवर पर नसलेला मासा तोल सांभाळून डौलात पोहतो की नाही, हीच तर खरी कसोटी. तुम्ही म्हणाल, मग परीक्षकाची मर्जी आलीच. खरं आहे. इंग्लंडातल्या कोंबडीवाल्यांनी ज्या मर्जीवर उपाय म्हणून मानक छापलं, ती इथं शिल्लक आहे. पण तुलनेत अख्खा मासा नजरेसमोर राहतो. गुणपत्रकात त्याचे तुकडे पडतात.

या इतिहासातून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपण समजतो, की गुणपत्रक म्हणजे तराजू आहे. आलेला मासा त्यात टाकायचा आणि वजन बघायचं. पण प्रत्यक्षात ते पुढच्या हंगामासाठी दिलेलं मागणीपत्रक असतं. पैदास करणाऱ्याच्या टाकीत शंभर पिल्लं असतात, त्यातले चार-पाच नर तो पुढच्या पिढीसाठी ठेवतो. कोणते ठेवायचे हे तो गुणपत्रक समोर ठेवूनच ठरवणार. शेपटीला ४४ आणि चैतन्याला ५ असतील, तर सुस्त पण भरगच्च शेपटीचा नर टाकीत राहील आणि चपळ पण बेताच्या शेपटीचा जाईल. दहा पिढ्या हे केलं, की शेपटीच्या ओझ्यानं रखडत पोहणारा मासा तयार होणार. त्यात कुणाचं क्रौर्य नाही, नुसती बेरीज आहे.

निसर्गातही गप्पीची परीक्षा होते, आणि तिथंही गुणपत्रक बदललं की मासा बदलतो. जॉन एंडलर या शास्त्रज्ञानं १९८० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबतीत गाजले. त्यांनी कृत्रिम तळ्यांत गप्पी सोडले. काही तळ्यांत गप्पी खाणारे धोकादायक मासे सोडले, काहींत निरुपद्रवी म्हणावेत असे, तर काहींत कुणीच नाही. काही पिढ्यांतच फरक दिसला. जिथं शत्रू जबर, तिथं नरांच्या अंगावरचे ठिपके कमी आणि लहान झाले. जिथं धोका नव्हता, तिथं ठिपके वाढले. कारण गप्पीच्या माद्यांना भडक रंगाचे नर आवडतात आणि शत्रूला ते चटकन दिसतात.

इथं परीक्षक दोन आहेत. मादी गुण देते. शत्रू गुण देत नाही, तो फक्त पास किंवा नापास करतो. नराचा रंग कितीही सुरेख असो, पळता आलं नाही तर रंगाचे गुण कामाला येत नाहीत. मानवी गुणपत्रकात हा दुसरा परीक्षकच नाही. त्याचं काम पाच गुणांत उरकलं आहे आणि ते पाच गेले, तरी शेपटीतून भरून काढता येतात.

मग चैतन्याचे गुण पाचाचे वीस-पंचवीस करा, असं सुचणं साहजिक आहे. त्यावर जाणकारांचं म्हणणं काय असेल, तेही ऐकायला हवं. शेपटीची लांबी मोजता येते, चैतन्य मोजता येत नाही. मासा पिशवीत बसून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेला, पाणी अनोळखी, टाकी लहान, आणि परीक्षक त्याला काही मिनिटंच बघणार. दमलेल्या माशाला सुस्त ठरवलं, तर लांबून येणाऱ्यावर अन्याय होईल. शिवाय वीस-वीस वर्षं खपून ज्यांनी आपला वाण तयार केला, त्यांच्या मेहनतीवर एका ठरावानं पाणी पडेल. हे आक्षेप पोकळ नाहीत. आणि तसंही, वीस गुण केले तरी ते वीस दुसरीकडून भरून काढण्याची सोय राहतेच.

म्हणून मला वाटतं, प्रश्न गुण किती हा नसून बेरीज करावी की नाही हा आहे. आपल्या शाळांतलंच उदाहरण घ्या. दहावीला भाषेत नव्वद पडले म्हणून गणितातले वीस चालत नाहीत. प्रत्येक विषयात ठरावीक किमान गुण हवेत, मग टक्केवारी. माशाच्या परीक्षेतही पोहणं आणि प्रकृती हा असा सक्तीचा विषय करावा. त्याला पाच, दहा, वीस असे गुणच नकोत. मासा सरळ तरंगतो का, शेपटी ओढत न बसता टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो का, खातो का, एवढं बघावं. प्रवासाचा शीण जावा म्हणून एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. पास झाला, तर मग खुशाल शेपटीचे ४४ गुण मोजावेत.

ही कल्पना हवेतली नाही. कुत्र्यांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये असं घडलं आहे. २००८ मध्ये बीबीसीवर खानदानी कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला गेला आणि गदारोळ उठला. २००९ च्या जानेवारीत तिथल्या केनेल क्लबनं अनेक जातींची मानकं सुधारली, आणि त्या वर्षी बीबीसीनं क्रफ्ट्स या प्रसिद्ध प्रदर्शनाचं प्रक्षेपणही केलं नाही. पुढं २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींसाठी नवा नियम आला. आपल्या जातीत पहिला आलेल्या कुत्र्यानं पशुवैद्याची तपासणी पार केली, तरच पुढच्या फेरीत प्रवेश. बुलडॉग आणि पेकिनीजसह सहा जातींचे विजेते तपासणीत अडले. मालक चिडले, वाद झाले. पण नाक किती बसकं असावं, या चर्चेत श्वास घेता येतो का, हा प्रश्न शिरला तो शिरलाच.

कुत्र्याची एक पिढी बदलायला दोन-तीन वर्षं लागतात. तिथं आजच्या सुधारणेचं फळ दिसायला दशक उलटतं. गप्पीचं तसं नाही. वर्षाला तीन पिढ्या या हिशेबानं आज मानक बदललं, तर पुढच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रदर्शनात टाक्यांमधले मासे वेगळे दिसू लागतील. वीस वर्षांचा वाणही बुडणार नाही, कारण त्याच वाणातले आज टाकून दिले जाणारे चपळ नर उद्या टाकीत ठेवले जातील. इतक्या स्वस्तात आणि इतक्या लवकर चुकीची दुरुस्ती करण्याची संधी फार थोड्या प्राण्यांच्या बाबतीत माणसाला मिळते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)