शंभरचा पिस्टन

आमच्या माण-खटावात मोटारसायकल नवी अशी फार थोड्या घरांत आली. जी आली ती दुसऱ्याच्या नाहीतर तिसऱ्याच्या हातची. कुणा मास्तरांनी विकलेली, कुणा तलाठ्यानं बदली झाली म्हणून फुकून टाकलेली, नाहीतर मुंबईहून टेम्पोत घालून आणलेली. त्यामुळं खेड्यातल्या मोटारसायकलीचा इतिहास कारखान्यापासून सुरू करून भागत नाही. तो लेथपासून सुरू करावा लागतो.

कारखान्यांची सनावळी सरळ आहे. 1955 साली मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. 1961 ला म्हैसूरला जावा निघाली, तीच 1973 पासून येझदी झाली. साठच्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली. आमच्याकडं दूधवाल्यांची गाडी म्हणजे राजदूत. दोन्ही अंगाला कॅन अडकवायचे, मागं वैरणीचा भारा नाहीतर एखादा पाव्हणा. पहाटे डेअरीला दूध वेळेत गेलं तर त्याचे पैसे, उशीर झाला तर नासकं दूध परत घरी. गाडी बंद म्हणजे घराचा पगार बंद, एवढा साधा हिशोब होता.

अशा गाड्यांचे किलोमीटरचे काटे बहुतेक मोडलेलेच असायचे. गाडी किती पळाली हे किकवरून ओळखायचं. किक पायाला हलकी लागली, चढाला गाडी दम टाकू लागली, इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला, की समजायचं, पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही झिजले. नव्या इंजिनात या दोघांमधली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. झिजून ती वाढली, की पेट्रोलच्या स्फोटाचा जोर पिस्टनला ढकलायचं सोडून बाजूनं निसटून जातो.

सिलिंडर झिजतो तोही सारखा नाही. वरच्या टोकाला, जिथं रिंग येऊन थांबते आणि आगीचा मारा असतो, तिथं जास्त. आणि पिस्टन ज्या दोन बाजूंना रेटतो तिथं जास्त. म्हणजे गोल भोक लांबट होतं. नुसत्या रिंगा बदलून ते गोल होत नाही. म्हणून सिलिंडर थोडा कापून पुन्हा गोल करायचा आणि त्यात जाड पिस्टन बसवायचा. यालाच आपण बोअर मारणं म्हणतो. मूळ माप ते स्टँडर्ड. त्यानंतर पाव मिलिमीटरनं वाढणारी मापं: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर. शंभर म्हणजे पुरा एक मिलिमीटर. एका सिलिंडरला असे चार बोअर, म्हणजे एका गाडीला पाच आयुष्यं.

हे सगळं मला शिकवलं आमच्या दाजींनी. थोरल्या बहिणीचे मालक. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या भागातली किती घरं तेव्हा बोचकी बांधून गावी परतली. दाजी परतले नाहीत. सांताक्रूझला वाकोल्याच्या एका खोलीत बिऱ्हाड नेलं आणि कलिन्यात एका गॅरेजवाल्याच्या लेथवर उभे राहिले. आक्का म्हणायची, "गिरणी गेली, पण ह्यांच्या हातातला मायक्रोमीटर कुणी काढून घेतला नाही."

कलिन्याच्या ज्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची आणि भंगाराची ती दुकानं आहेत, त्या रस्त्याच्या नावाची मोठी गंमत आहे. आमच्यासारख्याला वाटतं, हा व्हीटी स्टेशनचा रस्ता. तसं नाही. सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरनं अंधेरीपर्यंत 1928 साली एक छोटी रेल्वे सुरू झाली होती. 1934 ला बंद पडली, रूळ निघाले, रस्त्याला नाव तेवढं राहिलं. मोडीत निघालेल्या रेल्वेच्या वाटेवर मोडीत निघालेल्या गाड्यांचा बाजार भरावा, हे दाजींना फार आवडायचं.

बोअर कऱ्हाडलाही मारून मिळायचा. पण गावात इंजिन उघडलं, की सिलिंडर पोत्यात गुंडाळून मी एसटीनं मुंबई गाठायचो, तो त्यांच्या हातासाठी. ते आधी तीन ठिकाणी माप घेत, वर, मधे आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. मग आणलेला पिस्टन मोजत. पिस्टन हातात आल्याबिगर सिलिंडरला हत्यार लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. कारण डब्यावर पन्नास छापलं म्हणून आतला पिस्टन बरोब्बर पन्नासचाच निघेल असं नाही. कापून झाल्यावर होनिंग. दगडांनी आत बारीक तिरक्या रेघा पाडायच्या. बघणाऱ्याला वाटतं, इतकं गुळगुळीत केलेलं पुन्हा ओरखडलं कशाला? पण त्या रेघांत तेल धरून राहतं. आरशासारख्या भिंतीवर तेल टिकत नाही.

गावी आल्यावर पहिले काही शे किलोमीटर रनिंग. सावकाश पळवायची, ओझं घालायचं नाही. दूधवाल्याला हेच जड जायचं. अशा वेळी शेजारचा आपल्या गाडीवर दोन खेपा करायचा.

1985 च्या सुमारास हिरो होंडा आली आणि दुखणी बदलली. राजदूत, येझदीत पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. व्हॉल्व नावाची भानगड नव्हती. आता चार स्ट्रोकचं इंजिन आलं. ॲव्हरेज डोळे फिरवणारं, पण तेल वेळेवर बदलावं लागे. आता धूरही बोलू लागला: निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. हाफ काम म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व. फुल काम म्हणजे क्रँक खोलून कनेक्टिंग आणि बेअरिंगसुद्धा. हिशोब मात्र तोच राहिला. या शंभर सीसीच्या गाडीचा बोअर 50 मिलिमीटर. शंभरचा पिस्टन टाकला की होतो 51, आणि 97 सीसीचं इंजिन 101 सीसीचं होतं. मुंबईची पोरं एवढ्यानं खूश व्हायची. दाजी सांगायचे, चार सीसीनं ताकद वाढत नाही, गेलेली ताकद परत येते. खरी सुधारणा विचारली तर ते जुन्या गाडीचे पॉइंट काढून सीडीआय बसवायला सांगत. पावसाळ्यात पहिल्या किकला चालू होणं ही आपली सुधारणा.

मग 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला 73. आमच्या माणात दोन वर्षं मिळूनही बऱ्याचदा एवढा पडत नाही. मिठी नदी कलिन्यात शिरली. दाजींनी ती रात्र दुकानाच्या माळ्यावर काढली. पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली. ज्यांनी घाईनं ढकलून गाडी चालू करू पाहिली, त्यांतल्या काहींचे कनेक्टिंग वाकले. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. भिजलेल्या इंजिनचा आधी प्लग काढायचा, मग हळू फिरवून पाणी बाहेर, मग दुधाळ चहासारखं झालेलं तेल बाहेर. गाळ गेला असेल तर इंजिन उघडायचंच.

हीच विद्या चौदा वर्षांनी गावाकडं कामाला आली. दाजी तोवर परत येऊन तालुक्याला बोअरिंगचं मशीन टाकून बसले होते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा महापूर आला. पलूस-भिलवडीकडच्या पाव्हण्यांचे रात्रंदिवस फोन. दाजी प्रत्येकाला एकच सांगत, "किक मारू नका. आधी प्लग काढा." ज्यांनी ऐकलं त्यांच्या बऱ्याच गाड्या तेल बदलण्यावर भागल्या.

आता बऱ्याच नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण धातूचा पातळ मुलामा असतो. तो झिजतो कमी, हे खरं. पण झिजला की साध्या मशीनवर कापता येत नाही. ब्लॉक-पिस्टनचा अख्खा संच बदलायचा. ज्यांत अजून बोअर मारता येतो, त्यांचंही गॅरेजवाले संचावरच भागवतात. काम दुपारपर्यंत होतं. माप घेणारा हात लागत नाही. इंजिन पूर्वीपेक्षा चांगलं आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथं दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, तिथं पाव मिलिमीटर कापून पाच वर्षं काढता येणं ही मोठी सोय होती. त्या सोयीवर आमच्याकडच्या पोरांच्या शाळा झाल्या.

दाजींकडं एक वही आहे. मारलेल्या प्रत्येक बोअरची त्यात नोंद: गाडी, तारीख, माप. आमच्या राजदूतच्या नावापुढं चार ओळी आहेत. शेवटची शंभरची, 1996 ची. तिच्याखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "यापुढं लायनर."

लायनर म्हणजे जुना सिलिंडर आतून काढून नवा घालायचा आणि पुन्हा स्टँडर्डपासून सुरुवात करायची.