ऱ्होड्सच्या म्हटलेल्या थाळ्या

वस्तूस तिच्या जन्मस्थळाऐवजी ती जेथे विकत घेतली त्या गावाचे नाव चिकटते, असे पुष्कळदा घडते. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयाने १८६५ ते १८७८ या काळात ऱ्होड्स बेटावरून ५००हून अधिक रंगीत भांडी मिळविली. ट्यूलिपची फुले, करवतीसारखी कातर पाने, आणि पांढऱ्या पृष्ठावर बोटाला किंचित उंच लागणारा तो लाल रंग! ती सारी ‘ऱ्होड्सची’ ठरली. वस्तुतः ती आनातोलियातील इझ्निकच्या कुंभारांची. १९६३ साली ओक्ताय आस्लानापा या तुर्की संशोधकाने तेथे उत्खनन आरंभिले, तेव्हा भट्ट्यांचे अवशेष व भाजताना बिघडलेले तुकडेही हाती आले; आणि बिघडलेले भांडे कोणी दूरदेशी विकावयास नेत नाही.

पॅरिसला या कलेचे वेड क्लूनीच्या खरेदीपूर्वीच लागले होते. आल्सेसमधील तेओदोर देक हा मूळचा शेगड्यांच्या फरश्या घडविणारा कारागीर. १८५६ नंतर स्वतःच्या कारखान्यात त्याने इझ्निकच्या नमुन्यावर थाळ्या केल्या. त्याचा फिरोजी निळा रंग तर त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८८७ साली सेव्हरच्या सरकारी कारखान्याचे प्रमुखपद या भट्टीवरच्या माणसाकडे आले. देक आपल्या कामावर स्वतःचे नाव घालीत असे. म्हणून त्याची नक्कल मला प्रामाणिक वाटते. सॅमसनच्या कारखान्यातील नकलांवरही खुणा असत. पण व्यापाऱ्यांनी त्या घासून टाकल्या की नक्कल ‘अस्सल’ होई.

इंग्लंडात विल्यम द मॉर्गन झाला. त्याचे वडील, गणिती ऑगस्टस द मॉर्गन, यांचा जन्म आपल्याकडील मदुरेचा. चित्रकार लेटन याने लंडनच्या आपल्या घरी अरबी दालन बांधले, तेव्हा दमास्कस आदी ठिकाणांहून आणलेल्या जुन्या फरश्या जुळविण्याचे काम विल्यमकडे आले. काही उणीव होती, ती त्याने स्वतः घडविलेल्या फरश्यांनी भरून काढली. आज त्या चटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत. एवढे कौशल्य असूनही १९०७ साली कारखाना बंद पडला. उतारवयात त्याला पैसा मिळवून दिला तो मात्र त्याने लिहिलेल्या कादंबऱ्यांनी.