श्रोत्यांनीं मागितलेलें पुराण

अमेरिकेंत गेल्या चाळीस वर्षांत 'ख्रिस्ती हिपहॉप' या नांवाचा एक गायनप्रकार रूढ झाला आहे. हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांतील गरीब वस्त्यांत 1973 च्या सुमारास झाला. ठेक्यावर यमकें जुळवीत जलद बोलत जाणें, हा त्याचा प्राण होय. 1985 सालीं स्टीफन वायली यांनीं 'बायबल ब्रेक' काढून याच पद्धतीनें शास्त्रवचनें सांगण्यास आरंभ केला. आणि 2014 सालीं लेक्रे या गायकाचा 'अॅनॉमली' हा संग्रह अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिल्या स्थानीं जाऊन बसला. तरुण श्रोते हीं गीतें तोंडपाठ करतात. वडीलधारे मात्र साशंक असतात. रस्त्यावरचें हें गाणें देवळांत कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे.

याचा आम्हां बीडकडील मंडळींशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. परंतु हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. चारशें वर्षांपूर्वीं तो येथें एकदां विचारला गेला आहे, व त्याचें उत्तर पंडितांनीं नव्हे तर श्रोत्यांनीं दिलें आहे.

आमच्या जिल्ह्यांतील अंबाजोगाई हें ओवीचें जुनें माहेर. परंपरा मुकुंदराजांचें नांव याच गांवाशीं जोडते. आणि दासोपंतांनीं येथेंच सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' रचला, व सुमारें 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलें. त्यांनीं देह ठेवला तो शके 1537 मध्यें. नेमक्या त्याच सुमारास, 1616 सालीं, गोमंतकांतील रायतूर येथें मराठी ओव्यांचा आणखी एक प्रचंड ग्रंथ छापून निघाला. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट. तो 1579 मध्यें गोव्यास आला. ग्रंथाचें नांव 'ख्रिस्तपुराण', ओव्या सुमारें अकरा हजार. एक ओवी अंबाजोगाईंत दत्ताचें गुणगान करीत होती, दुसरी साष्टींत येशूचें. आणि तीन चरणांचें यमक जुळवून चौथ्यावर विसांवा घेण्याची चाल मात्र दोघींची एकच होती.

हें पुराण कां रचलें गेलें, याची हकीकत त्या ग्रंथांतच आहे. धर्मशिक्षणाचा पाठ आटोपल्यावर नवख्रिस्ती श्रोत्यांपैकीं एक जण पाद्रीस विचारतो, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं? कथा ऐकण्याची व ऐकतां ऐकतां डोलण्याची ज्यांस पिढ्यान् पिढ्या संवय, त्यांस कोरड्या प्रश्नोत्तरांनीं समाधान कसें व्हावें? ही कवीची योजना असेल असें मानलें तरी तिच्या मुळाशीं एक सत्य आहेच. स्टीफन्सनें हा छंद श्रोत्यांस दिला नाहीं. श्रोत्यांनीं तो त्याच्याकडून मागून घेतला.

येथें इतिहासकारानें डोळे झांकून घेणें बरें नव्हे. ज्या साष्टींत हें पुराण झालें, तेथील देवळें 1567 मध्यें पाडण्यांत आलीं होतीं. 1583 सालीं कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइटांस ठार केलें, व पुढें पोर्तुगीजांनीं त्या गांवच्या प्रमुखांचे प्राण घेतले. तेव्हां श्रोत्यांची ती मागणी ही उपाशी माणसाची मागणी होती. ताट ज्यानें काढून घेतलें, त्याच्याच पुढें ती केली होती. स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचें कौतुक करतांना ही गोष्ट विसरणें हा अन्याय होईल. आणि तरीहि पुढें जें घडलें तें केवळ सत्तेच्या जोरावर घडलें, असें म्हणतां येत नाहीं. 1684 मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेच्याच वापरावर बंदी घातली. 1616, 1649 व 1654 च्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो लोकांनीं हातानें केलेल्या नकलांमुळें. कानडा मुलखांत गेलेल्या गोमंतकी कुटुंबांनीं तो बरोबर नेला, आणि अशाच नकलांवरून 1907 सालीं मंगळुरास त्याची नवी आवृत्ति निघाली. सरकार भाषा बंद करूं शकतें. परंतु रात्री दिव्यापाशीं बसून अकरा हजार ओव्या उतरून काढण्याचें काम कोणतेंहि सरकार सक्तीनें करवून घेऊं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण आमच्या शेजारचें. आष्टी तालुक्याला लागून असलेल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशननें 1831 पासून काम मांडलें, व 1842 सालीं 'ज्ञानोदय' पत्र काढलें. प्रथम उपासनेंत इंग्रजी चालींचीं भाषांतरित गीतें असत. त्यांत अर्थ होता, भक्ति होती. पण आपला ताल नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें, आणि उधळ्या पुत्राचा दृष्टांत टाळमृदंगाच्या साथीनें आख्यान होऊन लोकांपुढें आला.

या कीर्तनास बसणारा श्रोता कोण होता, हें लक्षांत घेतलें पाहिजे. नगरच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील मंडळी पुष्कळ होती. हलगी आणि सनई मांगांच्या घरची. लग्नाच्या मांडवास तिच्यावांचून शोभा नसे. परंतु देवळांतील कीर्तन ऐकावयाचें झालें तर यांनीं बाहेर, दूर उभें राहावें, अशी रीति. नव्या कीर्तनांत त्यांस पुढें बसतां आलें. इतकेंच नव्हे, तर हातांत टाळ घेऊन स्वतः उभें राहतां आलें. जुनी चाल त्यांस परकी नव्हती. परकी होती ती केवळ जागा. पुढें 1895 सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंगाच्या वळणाचीं गीतें शेंकड्यांनीं रचिलीं, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. हा पूल पायांखालीं असल्याचें विद्वानांनीं लिहून ठेवण्यापूर्वींच श्रोते त्यावरून ये-जा करीत होते.

तिसरें उदाहरण ख्रिस्ती नव्हे, पण तें आमच्याच जिल्ह्यांतील आहे, व आमचें म्हणणें त्यानेंच पुरें होतें. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्वातव्हँ हे मूळचे फ्रान्सचे, पूर्वाश्रमींचे ख्रिस्ती धर्मगुरु. पुढें भारताचे नागरिक झालेले. 1996 सालीं माजलगांवच्या भीमनगरांत त्यांच्या मंडळीनें ज्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या बाबासाहेबांवरच्या व बुद्धावरच्या होत्या. 1956 च्या धर्मांतरानंतर या बायांस कोणी स्टीफन्स भेटला नव्हता, कोणी पुराण लिहून दिलें नव्हतें. जातें तेंच होतें, गळा तोच होता. त्यांनीं ओवींत नवें दैवत स्वतःच आणून बसविलें. साष्टीच्या श्रोत्यानें जें मागितलें, तें माजलगांवच्या बाईनें न मागतांच घेतलें.

तात्पर्य, एकादा छंद कोणत्या मुलखांतून आला, कोणत्या देवाच्या पायांशीं वाढला, यावरून त्याची योग्यता ठरत नाहीं. ऐकणारा तो आपल्या तोंडीं घेतो कीं नाहीं, ही खरी कसोटी. प्रचारकाच्या हेतूनें गीत जन्मास येऊं शकतें, पण जगतें तें श्रोत्याच्या गरजेनें. ब्रॉंक्सच्या ठेक्यावरील शास्त्रवचनें शंभर वर्षांनीं उरतील कीं नाहींत, हें आज सांगणें कठिण. परंतु एकादा तरुण जर तीं इतरांच्या देखतच नव्हे, तर एकटा काम करतांनाहि गुणगुणत असेल, तर त्याच्या वडिलांनीं थोडें थांबावें. नव्या भक्तीला जुना ताल मिळाला, म्हणून भक्ति बाटत नाहीं आणि तालहि बाटत नाहीं, असें साष्टीच्या नकलाकारांनीं आणि भीमनगरच्या बायांनीं आपापल्या परीनें सिद्ध करून ठेविलें आहे.