पोस्टकार्ड, सूतक आणि चुलतभाऊ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील लहान गावांमध्ये ‘बातमी’ या शब्दाचा अर्थ छापील मजकुरापुरता मर्यादित नव्हता. नातलगांच्या घरी झालेला जन्म, ठरलेले लग्न किंवा घडलेला मृत्यू ही ऐकून सोडून देण्याची गोष्ट नव्हती. ती कळताच ऐकणाऱ्यावर काही कर्तव्ये येऊन पडत, आणि ही कर्तव्ये किती जड असावीत, हे मुख्यतः नात्याच्या प्रकारावर ठरत असे.

एका पिढीतील भावंडांसाठी मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद केवळ भाषिक नाही. चुलतभाऊ हा एकाच कुळातील व गोत्रातील, म्हणजे ‘भाऊबंद’; वडिलोपार्जित वतनात आणि शेतीत त्याचा वाटा असे, त्यामुळे वाटणीच्या तंट्यांना ‘भाऊबंदकी’ हे नाव पडले. उरलेले तिघे दुसऱ्या कुळांतले असल्याने त्यांच्याशी जिव्हाळा असला, तरी जमिनीचा हिशेब सहसा नसे.

हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो सूतकात, म्हणजे मृत्यूनंतर नातलगांनी पाळावयाच्या अशौचात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबांत अशा प्रश्नांवर प्रमाण मानला जाई. या परंपरेनुसार ब्राह्मणांमध्ये मुंज झालेल्या चुलतभावाचे सूतक दहा दिवसांचे, तर मामेभाऊ, आतेभाऊ व मावसभावाचे ‘पक्षिणी’, म्हणजे एक रात्र व तिच्या दोन्ही बाजूंचे दिवस इतकेच असे. शिवाय बातमी केव्हा कळली, यालाही महत्त्व होते. दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस सूतक पाळायचे. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कळली तर तीन रात्री, सहा महिन्यांपर्यंत पक्षिणी, नऊ महिन्यांच्या आत एक दिवस, आणि त्याहून उशिरा कळल्यास केवळ स्नान. वाटेत वेळ जातोच, हे शास्त्रकारांनी गृहीत धरले होते.

पण १८५४ मध्ये अंतर न पाहता अर्ध्या आण्यात पत्र पोहोचवणारे टपालाचे दर लागू झाले, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली, आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड मिळू लागले. नोकरीसाठी दूर गेलेल्या चुलतभावाला पूर्वी महिन्याभराने कळणारी बातमी आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळू शकत होती, आणि म्हणून जिथे तीन रात्रींत भागले असते तिथे सहा-सात दिवस पाळावे लागत. टपाल वेगवान झाले, तसे सूतक लांबले. नव्या साधनाने जुना आचार सैल करण्याऐवजी काही काळ तो अधिक काटेकोर केला.

कार्ड उघडे असल्यामुळे त्याचीही एक रीत रुळली. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे, त्यामुळे अक्षर न वाचताही आशय कळे. असे कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत आणि अंगावरच्या कपड्यांसह स्नान करत. याउलट लग्नपत्रिकेला हळदकुंकवाची बोटे लावलेली असत.

याच काळात बेळगावचे ‘बेळगाव समाचार’ (१८६३), ठाण्याचे ‘अरुणोदय’ (१८६६) आणि रत्नागिरीचे ‘सत्यशोधक’ (१८७१) यांसारखी पत्रे मुंबई-पुण्याबाहेर निघू लागली. घरगुती पत्रे बहुधा मोडीत लिहिली जात, तर ही पत्रे बाळबोधीत छापली जात. पाऊस, पटकीची साथ आणि सरकारी हुकूम अशा गावभर लागू असलेल्या गोष्टी त्यांतून कळत. गावात साथ आहे, हे वर्तमानपत्र सांगू शके. मात्र तिच्यात आपल्या घरातले कोण गेले आणि आपण किती दिवस पाळायचे, यासाठी कोपरा फाटलेल्या कार्डाचीच वाट पाहावी लागे.