हृदयाजवळची नलिका

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास लिहिताना औषधांची नामावळी सविस्तर दिली जाते. पण ती औषधे ज्या वाटेने शरीरात गेली, त्या वाटेचा उल्लेख क्वचितच आढळतो. ही वाट म्हणजे हृदयालगतच्या मोठ्या शिरेत ठेवलेली नलिका, म्हणजेच कॅथेटर.

१९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने मूत्रमार्गाची नलिका स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन तिचे टोक हृदयात पोचल्याचे चित्र घेतले. त्याच्या साहसाची कथा सर्वश्रुत आहे. औषध त्वरेने हृदयापर्यंत नेणे हा त्याचा हेतू मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला. त्याला १९५६ चे नोबेल पारितोषिक कूर्नां व रिचर्ड्‌स यांच्यासमवेत मिळाले, ते हृदयाच्या परीक्षणासंबंधीच्या कार्याबद्दल. भाषेच्या अभ्यासकास येथे एक गंमत दिसते : 'कॅथेटर' या मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ 'खाली सोडणे' असा आहे, साधन हृदयाकडे चढले, तरी नाव मात्र तेच राहिले.

रक्ताच्या कर्करोगात या साधनाची निकड विशेष. डॉनोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन यांसारखी औषधे हाताच्या बारीक शिरेबाहेर झिरपल्यास भोवतालचे मांस जळून जाते. मोठ्या शिरेतील वेगवान प्रवाहात ती तत्काळ विरळ होतात. सिॲटल येथे ब्रोव्हियाक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये सिलिकोन रबराची नलिका सिद्ध केली, ती वस्तुतः शिरेवाटे दीर्घकाळ पोषण देण्यासाठी. त्याच नगरीत हिकमन याने १९७९ मध्ये अस्थिमज्जारोपणाच्या रुग्णांसाठी तिचा अंतर्व्यास वाढविला. त्यायोगे औषध व रक्त देणे आणि तपासणीसाठी रक्त काढणे, ही सारी कामे एकाच वाटेने होऊ लागली. त्वचेखाली नलिकेभोवती डॅक्रॉनची पट्टी असे. तिच्यात ऊती वाढून नलिका घट्ट बसे आणि त्वचेवरील जंतूंची वाट अडे.

तथापि ही वाट दुहेरी आहे. ज्याच्या रक्तात जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी उरलेल्या नाहीत, त्याच्याच शरीरात बाहेरून थेट हृदयाशी जाणारे दार उघडे ठेवावे लागते. प्लेटलेट कमी असल्याने नलिका घालताना रक्तस्रावाचे भय, आणि घातल्यावर तिच्याभोवती गुठळी होण्याचेही भय. या दोन भयांनी परस्परांना रद्द करू नये, हे मला या विषयातील सर्वांत निष्ठुर वाटते.

सुरक्षिततेच्या इतिहासात २००६ साल महत्त्वाचे. प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अतिदक्षता विभागांत हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील शीर टाळणे आणि अनावश्यक नलिका काढून टाकणे, एवढ्या पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला. नलिकेशी निगडित रक्तसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. यात एकही नवा शोध नव्हता, आणि म्हणूनच या कार्याची थोरवी मला संशोधकांच्या साहसाहून कमी वाटत नाही.

परंतु कर्करोग-विभागात हा हिशेब तंतोतंत जुळेना. तीव्र औषधांनी तोंडाचे व आतड्याचे अस्तर सोलवटले की रुग्णाच्या आतड्यातीलच जंतू रक्तात शिरतात. नलिका तेथे असल्यामुळे दोष तिच्या माथी येई. 'नलिकासंबंधित' आणि 'नलिकाजन्य' या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते नोंदवहीत पुसले जात होते. अखेर अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१३ मध्ये अस्तराच्या हानीतून उद्भवणाऱ्या संसर्गाचा स्वतंत्र वर्ग मानला. हा केवळ शब्दच्छल नव्हे. आतड्यातून आलेला जंतू हात धुतल्याने थांबत नाही. आणि निर्दोष नलिका काढल्यास, शिरा आधीच शिणलेल्या रुग्णाला नवी टोचणी सोसावी लागते.

रुग्णशय्येपाशी हा निवाडा करण्याची एक रीत आहे. नलिकेतून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेऊन दोन्ही नमुने जंतू वाढण्यासाठी ठेवतात. नलिकेतील नमुन्यात जंतूंची वाढ निदान दोन तास आधी दिसली, तर संशय नलिकेवर येतो.