पडल्या घराचा पंचनामा

घर पडले की पंचनामा होतो, हे आपण सारे जाणतो. पण पंचनाम्याची तयारी घर उभे असतानाच करावी लागते, हे मात्र मराठवाड्याला एका भूकंपाने शिकवले. त्याचीच आज आठवण करावयाची आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपतीचे विसर्जन करून गावे झोपी गेली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली, आणि लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे प्राणास मुकली. ती भूकंपाने मेली म्हणण्यापेक्षा घराखाली मेली म्हणणे अधिक खरे. दोन-अडीच फूट रुंद भिंती. दगड चिखलात रचलेले. भिंतीचे आतले नि बाहेरचे अंग सांधणारा आरपार दगड नाही. आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे काळ होऊन कोसळले.

पुढे पाहणी सुरू झाली. ५२ गावे नव्या जागी वसवावयाची, बाकीच्या गावांत घरे बांधावयाची किंवा दुरुस्त करावयाची, असे ठरले. आता नव्या गावात घर केवढे द्यायचे? तुम्ही म्हणाल, पडलं तेवढं. तसं नव्हतं. घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीनास आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून अधिक जमीन असेल तर ७५०. म्हणजे जुने घर किती खणांचे होते, ह्यापेक्षा सातबारावर काय लिहिले आहे, ह्याला वजन आले.

आता विचार करा. एका घरात तीन भाऊ, तीन चुली, आणि उतारा वडिलांच्या नावचा. वडील जाऊन दहा वर्षे झाली, वारसनोंद राहून गेली. अशी घरे आपल्या गावात किती निघतील, बघा बरं! भाऊ वेगळे राहतात, हे सारा गाव सांगेल. पण पाहणीला आलेल्या माणसाला कागद लागतो. आणि कागद कुठे? ट्रंकेत. ट्रंक कुठे? ढिगाऱ्याखाली.

म्हणून काही गोष्टी आजच कराव्यात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. ती आपल्या नावची आहे का, हे पाहावे. तिची, शिधापत्रिकेची आणि बँकेच्या पासबुकाची एकेक प्रत परगावच्या नातलगाकडे ठेवावी. घराचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. आज मोबाइल घरोघर आहे.

आणि संकट आलेच, तर तडकलेल्या घरात कागदासाठी पाऊल टाकू नये. जीव आधी. पाहणी होईपर्यंत ढिगारा उपसू नये. वाट मोकळी करणे भागच असेल, तर आधी फोटो काढावा. गाव ज्याला अजून तलाठीच म्हणतो, तो ग्राम महसूल अधिकारी आला, की घरच्या जाणत्या माणसाने त्याच्याबरोबर फिरावे. धान्य, जनावरे, संसाराची भांडी, काही सांगायचे ठेवू नये. घर पूर्ण पडले की अंशतः, पक्के की कच्चे, ह्या शब्दांवर मदतीची रक्कम ठरते. म्हणून सही-अंगठ्यापूर्वी लिहिलेले मोठ्याने वाचून घ्यावे. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगावी. ऐकले नाही, तर तहसील कचेरीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मात्र अर्धवट भिंतीला आपणच धक्का देऊ नये. एका घरची खोटी नोंद सापडली, की साऱ्या गावाच्या खऱ्या नोंदींवर संशय येतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवीच्या मुलांना घरचा नमुना ८ वर्गात आणावयास सांगा. त्यावर कोणाचे नाव आहे, हे प्रत्येकाने वाचून दाखवावे. पुष्कळ मुले वारलेल्या आजोबांचे नाव वाचतील. त्या संध्याकाळी घरी बोलणे निघेल, आणि कोणीतरी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीची पायरी चढेल. तेवढे झाले, तरी किल्लारीचा इतिहास आपण शिकलो असे होईल.