तीन किल्ल्यांची पेटी

संस्था स्थापन करणाऱ्या थोर व्यक्तींची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. परंतु त्यांनी संस्थेला वळण कसे लावले, ही गोष्ट त्या चरित्रांत फारशी सापडत नाही. घराला जसे वळण असते तसे संस्थेलाही असते. पाहुण्याला ते उंबरठ्यातच कळते. घरातल्या माणसांना मात्र ते शब्दांत सांगता येत नाही. धर्मसंस्थेच्या बाबतीत तर हे अधिकच अवघड, कारण तिथे प्रमुखाच्या शब्दाला देवाच्या आज्ञेचे वजन येते आणि त्याला उलटून विचारणे हे पाप ठरण्याची भीती असते. अशा ठिकाणी निकोप वळण लावायचे कसे, याचा विचार करताना मला नेहमी एक बाई आठवतात. त्या आपल्या देशाच्या नव्हेत, आपल्या काळच्याही नव्हेत. तरी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा म्हटल्यावर मी त्यांनाच निवडले. याचे कारण भगिनींना पुढे वाचताना आपोआप कळेल.

या बाई म्हणजे स्पेनमधील आविला गावच्या संत तेरेसा. कलकत्त्याच्या मदर तेरेसा त्या या नव्हेत. त्यांनी आपले नाव एका फ्रेंच धर्मभगिनीवरून घेतले होते, आणि ती फ्रेंच भगिनी ज्या संघात राहिली, त्याची नवी घडी बसविणाऱ्या या तेरेसाबाई. त्यांचा जन्म १५१५ सालचा. विसाव्या वर्षी त्या आविलातील एन्कार्नासिओन नावाच्या कार्मेल संघाच्या मठात दाखल झाल्या आणि जवळजवळ सत्तावीस वर्षे तिथे राहिल्या.

हा मठ वाईट होता असे नव्हे. पण तिथे दीडशेच्या वर स्त्रिया राहत होत्या आणि मठाचे उत्पन्न तेवढ्यांना पुरत नव्हते. श्रीमंत घरच्या भगिनींना स्वतंत्र दालने असत, त्यांच्या दिमतीला मोलकरणी असत. गरीब घरच्या मोठ्या खोलीत एकत्र निजत. मठात येऊनही मोठ्या घरच्या बाईच्या नावामागचा ‘दोन्या’ हा मानाचा शब्द सुटत नसे. तेरेसाबाईही तिथे दोन्या तेरेसाच होत्या; त्यांना स्वतःच्या खोल्या होत्या आणि धाकटी बहीण काही काळ त्यांच्यापाशी राहत होती. जेवणाची टंचाई म्हणून भगिनींना महिनोन् महिने नातलगांकडे किंवा धनिक स्त्रियांकडे राहायला धाडीत. देणगीदारांची मर्जी राखण्यासाठी भेटीच्या दालनात तासन् तास गप्पा चालत. थोडक्यात, गावातली उतरंड भिंतीच्या आत जशीच्या तशी मांडलेली होती. दोष कोणा एकीचा नव्हता. संख्या मोठी, पैसा तोकडा आणि मान जन्मावर. यातून दुसरे काय निपजणार?

१५६२ च्या पूर्वार्धात तेरेसाबाई तोलेदो शहरी एका सरदारघराण्यातील विधवेच्या वाड्यात होत्या. त्या बाईचे वैभव पाहून त्यांना हेवा वाटला नाही, कीव आली. तिने जेवायचे ते भूक पाहून नव्हे, दर्जा पाहून. नोकरांत एकीशी बोलले तर दुसरी रुसणार. मानाने मोठी झालेली बाई किती परतंत्र असते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले आणि आत्मचरित्रात लिहून ठेवले.

नव्या मठाची कल्पना त्याआधीच, १५६० साली, त्यांच्या खोलीतल्या बैठकीत निघाली होती. त्यांच्या एका तरुण नातलग मुलीने थट्टेथट्टेत, लहानसा मठ काढू या, असे म्हटले आणि आपल्या वाट्याचे हजार दुकात देऊ केले. बोलणे थट्टेचे होते, पण बाईंनी ते धरून ठेवले. २४ ऑगस्ट १५६२ रोजी आविलात संत योसेफाच्या नावाने एका छोट्याशा घरात चार मुलींना घेऊन मठ सुरू झाला. मुली गरीब, हुंडा न आणलेल्या. (मठात जातानाही तिकडे हुंडा द्यावा लागे, हे आपल्या लोकांना सांगितले तर खरे वाटत नाही.) गावात गहजब झाला. कायम उत्पन्नाची तजवीज नाही. मग या बायकांना खायला घालायचे कोणी, असे म्हणून नगरसभेने दावा लावला. तेरेसाबाईंना जुन्या मठात परत बोलावले गेले. काही महिन्यांनंतरच त्या नव्या घरी राहायला येऊ शकल्या.

आता त्यांनी काय केले ते पाहा. पहिली गोष्ट म्हणजे संख्या. मठात तेराच जणी असाव्यात असे त्यांनी ठरवले. पुढे ही मर्यादा वाढवून एकवीसपर्यंत नेली. सगळ्यांना सगळ्यांची ओळख राहावी, एवढ्या माणसांतच माया टिकते, असा त्यांचा हिशेब होता. दुसरी गोष्ट नावाची. आत आलेल्या बाईचे घराण्याचे नाव गळून पडे. त्या स्वतः दोन्या तेरेसाच्या तेरेसा दे हेसूस झाल्या. जिचे कूळ सर्वांत मोठे तिने आपल्या वडिलांचे नाव सर्वांत कमी काढावे, असे त्या आपल्या भगिनींना बजावीत.

या नियमामागे एक दुखरी जागा होती. त्यांचे आजोबा तोलेदोचे व्यापारी. मूळ ज्यू घराणे, ख्रिस्ती झालेले. छुपेपणाने जुना धर्म पाळल्याबद्दल १४८५ साली धर्मन्यायालयाने त्यांना प्रायश्चित्त दिले, आणि प्रायश्चित्ताचा झगा घालून त्यांना चारचौघांत मिरवावे लागले. घराणे पुढे आविलाला आले आणि तिथे कुलीन म्हणून गणले गेले. ही हकीकत जुन्या कागदपत्रांतून १९४६ साली उजेडात आली; तोवर चरित्रकार त्यांचे खानदान थोर म्हणूनच वर्णन करीत होते. त्या काळी स्पेनमध्ये शुद्ध रक्ताचा दाखला मागणाऱ्या कितीतरी धर्मसंस्था होत्या. तेरेसाबाईंच्या नियमावलीत मात्र तशी अट नाही. १५६९ साली तोलेदोत मठ काढताना एका व्यापारी घराण्याने पैसा देऊ केला, तेव्हा देवळातला मान असल्या घराण्याला देऊ नका, असे तिथल्या बड्या लोकांनी सांगितले. बाईंनी अखेर व्यापाऱ्यालाच हो म्हटले. आपल्याकडे पंगतीत कोणी कुठे बसायचे यावरून काय काय घडले ते ठाऊक असलेल्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. झाडण्याच्या पाळ्यांची यादी मठप्रमुखापासून सुरू व्हावी, असे त्यांनी नियमावलीतच लिहून टाकले. प्रमुखाने विनयशील असावे, असा उपदेश करण्यात वेळ घालवला नाही. हातात झाडू दिला. हळदीकुंकू आटोपल्यावर सतरंज्या कोण उचलते, हे पाहिले की कोणत्याही मंडळाची खरी घटना कळते, असे मी आमच्या सभेत एकदा म्हटले होते, तेव्हा सगळ्या हसल्या. पण ते म्हणणे माझे नव्हेच, आविलाचे आहे.

मौन, उपास, जाडेभरडे कपडे आणि पायांत तागाच्या चपला, हे सारे त्या मठात होतेच. मात्र दिवसातून दोनदा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, सगळ्यांनी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे, हसावे, असाही नियमच होता. हातात चाती असत आणि तोंडाने गप्पा. बाई स्वतः पदे रचून गात. उदास चेहऱ्याच्या भक्तीवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

आणि मग पैसा. दर महिन्याला जमाखर्च पाहणाऱ्या वेगळ्या भगिनी नेमलेल्या असत आणि हिशेब प्रमुखाच्या समक्ष व्हायचा. दस्तऐवज नि ठेव ठेवण्याच्या पेटीला तीन कुलपे. एक किल्ली प्रमुखाकडे, दोन इतर दोघींकडे. पेटी उघडायची तर तिघी हजर हव्यात. यात अविश्वास आहे असे कोणी म्हणेल. मला यात उलट प्रमुखाची सोय दिसते. जिच्याकडे एकटीकडे किल्ली असते तिच्याविषयी कुजबूज व्हायला कारण लागत नाही.

मात्र प्रमुखाच्या जिभेला कुलूप लावता येत नाही, हे बाई जाणून होत्या. मठांच्या स्थापनेविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. एका भगिनीने मोठा थोरला किडा प्रमुखाला दाखवून, किती सुंदर आहे पाहा, असे म्हटले. प्रमुख गमतीने म्हणाली, मग खाऊन टाक. ती बिचारी सरळ स्वयंपाकघरात जाऊन किडा तळू लागली! स्वयंपाकिणीने विचारले म्हणून प्रकार उघडकीस आला. एखादीने हा प्रसंग आज्ञाधारकपणाचे उदाहरण म्हणून कौतुकाने सांगितला असता. बाईंनी तो प्रमुखांना धोक्याची सूचना म्हणून सांगितला. जिथे माणसे शब्द झेलायला तयार असतात तिथे शब्द जपून टाकावा. स्वतःला कडक तपश्चर्या आवडते म्हणून सगळ्यांना तीच लादणाऱ्या प्रमुखांविषयीही त्या तिथेच स्पष्ट लिहितात.

बाहेरचे संकट आले ते देणगीदाराच्या रूपाने. पास्त्राना गावी १५६९ साली एबोलीच्या राजघराण्याने मठ काढून दिला होता. १५७३ मध्ये राजपुत्र वारला, आणि त्याची विधवा शोकाच्या भरात दासींसह मठात राहायला आली. तिला भगिनी व्हायचे होते, पण राजकन्यापण सोडायचे नव्हते. आपल्या दासींनाही दीक्षा द्या म्हणे. भगिनींनी आपल्यापुढे गुडघे टेकावेत म्हणे. समजावून झाले, उपयोग झाला नाही. १५७४ च्या एप्रिलमध्ये तेरेसाबाईंनी तो मठच उठवला. राजघराण्याने दिलेल्या वस्तू यादी करून परत केल्या आणि भगिनी रात्री निघून सेगोव्हियाच्या मठात गेल्या. घर गेले, उत्पन्न गेले. त्या राजकन्येने रागाने बाईंच्या आत्मचरित्राची धर्मन्यायालयाकडे तक्रार केली, ते निराळेच. संस्थेची इमारत सोडून संस्था वाचवणारे पुढारी किती सापडतील, मला शंका आहे.

त्यापूर्वी, १५७१ साली, त्यांना ज्या जुन्या मठातून त्या बाहेर पडल्या होत्या तिथेच प्रमुख म्हणून पाठवण्यात आले, तेही भगिनींचा निवडणुकीचा हक्क डावलून. दारातच भगिनींनी वाट अडवली, आरडाओरडा झाला. त्यांचा राग गैर नव्हता असे माझे मत आहे. पहिल्या सभेला भगिनी आत आल्या तो प्रमुखाच्या आसनावर मेरीमातेची मूर्ती, तिच्या हाती मठाच्या किल्ल्या, आणि तेरेसाबाई तिच्या पायाशी बसलेल्या. आपण याच घरची लेक आहोत, सत्ता चालवायला नव्हे तर सेवेला आलो आहोत, असे त्यांनी सांगितले आणि आपल्या नव्या मठांचे कडक नियम इथे लादले नाहीत. प्रथम पोटाची व्यवस्था लावली. बहिणीला पत्र लिहून टर्की कोंबड्यासुद्धा मागवल्या. मग हळूहळू भेटीच्या दालनातली गर्दी कमी केली. १५७७ मध्ये त्याच मठातील पन्नासाहून अधिक जणींनी त्यांना पुन्हा निवडण्यासाठी मते दिली. वरिष्ठांची मनाई मोडली म्हणून त्यांना बहिष्काराची शिक्षा झाली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी दार अडवणाऱ्या याच!

१५७६ साली त्यांनी मठांची तपासणी कशी करावी यावर एक टिपण लिहिले. तपासणीस पुरुष असत. त्यांना त्या सांगतात की हिशेबाच्या वह्या बारकाईने पाहा, कर्ज होऊ देऊ नका, प्रमुख आपल्या ओळखीची आहे म्हणून भुलू नका. एखादी बाई संत असेल, तरी प्रमुख होण्याजोगी नसेल. तर तिला त्या जागेवरून काढावे. एवढे धीट वाक्य लिहायला धर्मसंस्थेत आजही हिय्या लागेल.

सगळेच त्यांना साधले असे नाही. सफेद ओढणीच्या, घरकाम करणाऱ्या भगिनी त्यांच्या मठांतही वेगळ्या होत्या आणि त्यांना मत नव्हते. तेरेसाबाई ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे वारल्या. (नवे पंचांग सुरू झाल्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला.) मठ तोवर सतरा झाले होते. त्यानंतर संघाचे सूत्रचालक बनलेल्या निकोलास दोरिया यांनी सारी सत्ता एका समितीच्या हाती घेऊन मठांची नियमावली बदलण्याचा घाट घातला. तेव्हा आना दे हेसूस या भगिनीने १५९० साली थेट पोप सिक्स्तुस पाचवे यांच्याकडून नियमावलीला संरक्षण मिळवले. त्याबद्दल तिला मठातच कोंडून ठेवण्यात आले. दुसरी, मारिया दे सान होसे, हिलाही लिस्बनमध्ये बंदिवास घडला. १५९७ मध्ये संघाच्या पुरुष शाखेने शुद्ध रक्ताची अट घातलीच.

तेरेसाबाईंनी ज्यांच्या हाती प्राण सोडला ती आना दे सान बार्तोलोमे ही सफेद ओढणीचीच होती; शेतकऱ्याची मुलगी. बाईंची अक्षरे गिरवून ती लिहायला शिकली आणि त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांची पत्रे लिहून देऊ लागली. १६०४ साली आना दे हेसूस आणखी पाच जणींना घेऊन फ्रान्सला निघाली, तेव्हा हीही त्यांत होती. पुढच्याच वर्षी तिला काळी ओढणी देण्यात आली आणि पाँत्वाज येथील नव्या मठाची ती प्रमुख झाली.